बरणीतली म्हातारी

१

मंगळवारी सकाळी म्हातारी मेलेली सापडली.

सापडली ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, रोजच्याच जागी, आपल्या चिनी मातीच्या बरणीत. म्हातारी म्हणजे पिझ्झ्याच्या पिठाचं आंबवण. आत पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. पण रोज वेळेवर खाऊ घातलं की ते फुगायचं, बुडबुडे काढायचं आणि कणीक फुलवायचं. थोरला आणि धाकटा या दोघा भावांच्या आईने पिझ्झ्याचं दुकान काढलं त्या वर्षी ते धरलं होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आई गेली आणि आंबवण मागे राहिलं. त्याला ना थंडी सोसायची, ना ऊन. त्याला सोडून चार दिवस कुठे जायचीही सोय नव्हती. थोरल्याची बायको म्हणायची, "सासूबाई गेल्या, पण जाताना सासू ठेवून गेल्या."

या म्हातारीच्या मरणाची बातमी दुपारी जेवायला आलेल्या सर्व्हेअर बाईंना कुणी दिली नाही. ती त्यांना पिझ्झ्याने दिली.

बाई आगीच्या विम्याच्या सर्व्हेअर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सवय कुठे निवृत्त होते? आग आतून लागली की बाहेरून, लागली की लावली, हे राखेकडे बघून सांगण्यात त्यांची नोकरी गेली. दर मंगळवारी त्या भट्टीजवळच्या दोघांच्या टेबलावर बसत. पूर्वी दोघं बसायची. आता समोरच्या खुर्चीवर बाईंची पिशवी बसते.

नवरा गेला त्या आठवड्यात बाईंच्या जिभेची चव गेली आणि नाकाचा वासही गेला. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि नाकात काही नाही म्हणाले. नाकात काही येत नाही, हीच तर तक्रार होती. दुःख होतं का, असं कुणी विचारलं तर काय सांगावं ते त्यांना कळत नसे. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो आणि आपला वाटत नाही, तसं सगळंच झालं होतं. घरच्या फ्रिजमध्ये नवऱ्याची एक काचेची बाटली मागच्या कोपऱ्यात तशीच पडून होती. नवऱ्याला पाव भाजायचा नाद होता, आणि पाव असा व्हायचा की सुरीपेक्षा हातोडी बरी. ती बाटली काढायची नाही असं बाईंनी ठरवलं नव्हतं. त्या नुसत्या दूध तिच्यापुढे ठेवत, म्हणजे ती दिसत नसे.

तर पिझ्झा आला. दोघा भावांचे वडील, अण्णा, भट्टी सांभाळत. अॅप्रनची मागची गाठ सुटली होती, ती जाता जाता सुनेने बांधून दिली. अण्णांनी भट्टीच्या तोंडाशी ठेवलेली लोखंडी ताटली नुसत्या हाताने उचलली आणि बाईंच्या पुढ्यात आणून ठेवली. शेजारच्या टेबलावरची मुलगी "बाप रे!" म्हणाली.

"सवय आहे," अण्णा म्हणाले.

टोमॅटो, चीज, वर तुळशीची पानं. बूड काळं, हल्ली असायचं तसं. उन्हाळ्यात भट्टीचा घुमट नवा बांधून वर जाड थर चढवला, तेव्हापासून ती आच धरून ठेवते, असं सगळे म्हणत. बाईंनी एक तुकडा तोडला. चव नाहीच, पण बोटं शाबूत होती. एरवी कड ताणली जायची आणि चावताना जबडा दमायचा. आज ती कापसासारखी सुटली.

"अण्णा, आज पीठ कुठलं आहे?"

अण्णांनी भट्टीकडे पाहिलं. उत्तर मिळालं ते आतून, थोरल्याच्या आवाजात, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं.

"संध्याकाळी दार उघडायच्या आत चावी काउंटरवर ठेव आणि चालू पड! भाऊ म्हणून तोंड दाखवू नकोस मला!"

२

जेवणाची गर्दी ओसरली तसा थोरला बाईंच्या टेबलाशी आला आणि पिशवी बाजूला सारून बसला. गेल्या काही महिन्यांत त्या खुर्चीवर बसलेला तो पहिलाच.

"मावशी, तुमचं आयुष्य असल्या गोष्टींत गेलंय. तुम्हीच सांगा. मी चुकतोय का?"

त्याने जे सांगितलं ते असं. शनिवारी दोघा भावांत जुंपली. धाकटा कणीक मळायचा. म्हणाला, थंडीत आंबवण रुसतं, पीठ वर येत नाही, गिऱ्हाईक ओरडतं, फेकून द्या ती म्हातारी आणि दुकानातलं यीस्ट आणा. रविवारी कसंबसं भागलं. शेवटचा गोळासुद्धा संपला. सोमवारी दुकान बंद. मंगळवारी सकाळी बरणी उघडली तर आत हालचाल नाही, बुडबुडा नाही, वास नाही.

"आणि याच्या खिशात यीस्टचं पाकीट तयार! मयत व्हायच्या आधीच तिरडीचं सामान आणून ठेवल्यासारखं. सोमवारी दुपारी मागच्या दाराने बाहेर पडताना हिने पाहिला त्याला. सुट्टीच्या दिवशी काय काम होतं, विचारलं तर मूग गिळून बसलाय. उकळतं पाणी ओतलं असणार."

"आंबवणाचा थोडा वाटा दुसऱ्या कुणाकडे?"

"आईने कधी कुणाला दिलं नाही. सगळं त्या एका बरणीत." तो थांबला. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही मावशी, काळ सोकावतो." म्हण म्हणून झाली आणि मग त्याच्या लक्षात आलं की दुःखच आहे. त्याने कागदी रुमाल ओढला आणि नाक शिंकरलं.

"सोमवारी तिला खायला कुणी घातलं?"

"सोमवारची पाळी माझी." रुमालाची घडी बराच वेळ चालली. "विसरलो. वरच राहतो आम्ही, पण खाली उतरलोच नाही."

इतक्यात थोरल्याची बायको पाण्याचा जग घेऊन आली. ती काउंटर सांभाळायची आणि मनातलं ओठावर यायला तिला वेळ लागत नसे.

"मावशी, मलाही संशयितांत घ्या. लग्न झाल्यापासून समुद्र बघायचा म्हणतेय, आणि दर वेळी हे म्हणतात, म्हातारीला कोण बघणार? ती मेली हे मला काल रात्रीच कळलं असतं तर आज सकाळी मी बॅग भरली असती." ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "पण भाऊजींना घालवू नका म्हणते मी. पीठ परत आणता येईल. माणूस नाही येत."

"तू मध्ये पडू नकोस," थोरला म्हणाला.

"मधेच आहे मी. दोघांच्या भांडणात डबा कोण पोचवतं त्याच्या खोलीवर?"

बाई उठल्या. नवरा गेल्यापासून त्या कशातच पडल्या नव्हत्या. आताही मनातून काही उसळून आलं अशातला भाग नाही. पण पाय स्वयंपाकघराकडे वळले, आणि त्यांनी त्यांना अडवलं नाही.

"बरणी धुतली नाहीस ना?"

"सकाळी फडक्याची कड उचलून पाहिलं तेवढंच, हात लावला नाही कुणी."

"मग पाणी ओतलं हे तू बघून म्हणतोस की नुसतं रागाने?"



३

बरणी फळीवर होती. तोंडाला पांढरं कोरं फडकं, त्याभोवती दोरा. बाईंनी दोऱ्याला हात लावला, तसा तो आपोआप सुटून खाली पडला. गाठ नव्हतीच. दोरा नुसता गुंडाळून टोक आत खोचलं होतं.

आत त्यांनी चमचा घातला. मध्ये मऊ, ओलसर. कडेला मात्र आंबवणाने बरणीला घट्ट धरलं होतं, शिजलेल्या कणकेसारखं. बुडाशी तसंच. चमचा फिरवला तर साय निघावी तशी पापडी निघाली. पाणी ओतलं असतं तर सगळं पातळ झालं असतं आणि आधी वरून शिजलं असतं. ही ऊब चारी बाजूंनी आली होती, आणि बराच वेळ, सावकाश. असल्या खुणा त्यांनी गोदामांत खूप पाहिल्या होत्या. लावलेली आग घाईत असते. इथे घाई नव्हती.

धाकटा मागच्या अंगणात रिकाम्या खोक्यावर बसला होता. हाताला पीठ तसंच, वाळलेलं.

"सोमवारी कशाला आला होतास?"

तो तळहातावरचं पीठ खरवडायला लागला.

"तुझ्या दादाला नाही सांगणार."

"सांगा की. मला काय." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दादा सोमवारी विसरतो. दर वेळी विसरतो. म्हणून मीच येऊन तिला घालून जातो, आई गेल्यापासून. त्याला माहीत नाही."

"फेकून द्या म्हणत होतास ना?"

"तोंडाने माणूस काय काय म्हणतो, मावशी. मी तिला रोज हात लावतो. ती आईच्या हाताची..." त्याने मनगटाने नाक पुसलं. "तर आलो. आणि फळीवर बरणीच नव्हती."

बाईंनी मान वर केली. "नव्हती?"

"नव्हती. मला वाटलं, दादाने उचलून वर घरात नेली. माझा भरवसा नाही म्हणून. मग म्हटलं ठीक आहे, ठेव तुझी आई तुझ्यापाशी. रागाने जाऊन पाकीट घेतलं. आणि आज सकाळी येऊन बघतो तर बरणी जागेवर, आणि आत हे असं."

"हे सकाळीच का नाही बोललास?"

"त्याने विचारलं नाही, मावशी. त्याने सांगितलं."

"त्या वेळी भट्टीचं दार उघडं होतं की लावलेलं?"

"लावलेलं. बंदच असते ना ती सोमवारी."

"आणि बरणीवरचं फडकं कसलं असायचं?"

"निळं. आईचंच. चौकडीचं." तो एकदम उभा राहिला. "आज पांढरं होतं. अरे, ते निळं गेलं कुठे?"

बाईंनी अंगणात पाहिलं. भिंतीशी लाकडं रचलेली, शेजारी राखेचा पत्र्याचा डबा. त्यांनी झाकण उचललं आणि काठीने वरची राख सारली. निळ्या चौकडीचा एक तुकडा होता. जळून काळा नव्हता झाला. नुसता तपकिरी, इस्त्री विसरल्यावर होतो तसा.

४

"वहिनी," धाकट्याने सुनेला अंगणात बोलावून घेतलं होतं, "आई थंडीत म्हातारीचं काय करायची गं?"

"करायची काय? सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघर बर्फासारखं होतं, म्हणून दुपारी विझलेल्या भट्टीत हात घालून बघायच्या. कोमट असली की बरणी आत ठेवायच्या, संध्याकाळी काढायच्या. म्हणायच्या, बाळंतिणीला शेक दिला." तिचा हात तोंडावर गेला. "पण ते जुन्या भट्टीत. आता सोमवारी दुपारीसुद्धा आत हात ठेवता येत नाही. मी स्वतः एकदा ठेवून ओरडलेय. कुणाच्याही लक्षात येईल की."

"कुणाच्याही," बाई म्हणाल्या.

त्यांना आता माहीत होतं. माहीत झाल्याचा आनंद पूर्वी व्हायचा, नवऱ्याला फोन करून सांगावंसं वाटायचं. आज फक्त खांदे जड झाले.

अण्णा भट्टीसमोर लाकडं लावत होते. संध्याकाळचा जाळ धरायला लागला होता. बाई त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"हात दाखवा अण्णा."

"का?"

"दाखवा तर."

त्यांनी उजवा तळवा पुढे केला. मधोमध मोठा फोड, फुटून ओला झालेला. तळव्याला राख लागली होती, फोडातही. दुसऱ्या कुणी तो हात कशालाही लागू दिला नसता. अण्णांनी त्याच हाताने दुपारभर लाकडं उचलली होती.

"कधीचा आहे?"

अण्णांनी फोडाकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "हा? असेल कालचा."

"किती दिवस झाले बोटं बधिर होऊन?"

अण्णांनी तळवा मिटला. मग हळूच म्हणाले, "मधुमेह जुना आहे. आधी पाय गेले, मग बोटं. ती होती तेव्हा अॅप्रनची गाठ तीच बांधायची, कुणाला कळू द्यायची नाही. बाई, मुलांना सांगू नका. मला भट्टीवरून उठवतील. ती गेली, आता ही भट्टी पण गेली तर मी दिवसभर करू काय?"

"धाकटा चाललाय अण्णा."

"जाईल, येईल. भाऊ आहेत."

"ते तुमचेही मुलगे आहेत. चांगले ओळखता तुम्ही त्यांना. एकदा गेला की येणारा आहे का तो?"

अण्णा जाळाकडे बघत राहिले. बाईंना त्यांचा राग आला नाही, कीवही आली नाही. एवढंच कळलं की या माणसाला आत हात घालूनही काही लागत नाही, आणि असं असणं कसं असतं ते दुकानात आणखी एकाच माणसाला ठाऊक आहे.

"मी काहीच सांगणार नाही," त्या उठत म्हणाल्या. "पण मी सांगायचं नाही म्हणून तुम्ही सांगायचं नाही, असं नाही."

५

धाकट्याने संध्याकाळी चावी काउंटरवर ठेवली. आवाज फार झाला नाही, पण सगळ्यांनी ऐकला. थोरला चावीकडे बघत होता, भावाकडे नाही. बायकोने त्याच्या बाहीला हात लावला, तो त्याने झटकला.

बाईंनी ओठ आवळले. आणखी थोडा वेळ. धाकटा दारापर्यंत गेला. त्याने दाराची मूठ धरली.

"थांब," अण्णा म्हणाले.

त्यांनी भट्टीच्या तोंडातून ताटली ओढली, दोन्ही हातांनी धरली आणि थोरल्यासमोर नेली. "धर."

थोरल्याने हात पुढे केला आणि किंचाळून मागे घेतला. "अण्णा! टाका ती! टाका खाली!"

"मला कोमट लागते," अण्णा म्हणाले. ताटली त्यांच्या हातातच होती. "काल दुपारी भट्टीही कोमट लागली. तुझी आई ठेवायची तशी ठेवली मी बरणी. थंडी होती रे, ती गारठेल असं वाटलं. संध्याकाळी काढली तर फडकं करपलेलं. दुसरं बांधायला गेलो तर गाठही बसेना."

सुनेने धावत जाऊन ताटली काढून घेतली, फडक्याने. खाली पडली ती, घरंगळत टेबलाखाली गेली.

"सकाळी बोलणार होतो. तेवढ्यात तू याच्यावर ओरडलास, आणि मी भ्यालो." अण्णांची मान खाली गेली. "एकदा दवाखान्यात गेली, एकदा माझ्या हातून गेली. कोणत्या तोंडाने सांगू?"

धाकटा दारातून परत आला आणि त्याने बापाचे हात नळाखाली धरले. गार पाण्याची धार सोडली. अण्णांना ते गार आहे हे कळत नव्हतं. तो तरीही धरून राहिला. थोरला आला, उभा राहिला, आणि त्याला दुसरं काही सुचलं नाही तेव्हा त्याने बापाच्या अॅप्रनची सुटलेली गाठ बांधली. बांधता बांधता भावाला म्हणाला, "सोमवारी खरंच तू येत होतास?"

"तू विसरतोस."

"चावी उचल."

"तूच दे हातात."

त्याने दिली.

इथे रहस्य संपलं होतं, आणि बाईंना निघायला हरकत नव्हती. त्या निघाल्याही. रस्त्यावर आल्या, चालत घरी गेल्या, फ्रिज उघडला आणि दुधाची पिशवी बाजूला केली.

थोरल्याच्या आईने कधी कुणाला आंबवण दिलं नव्हतं, हे खरं नव्हतं. एकाला दिलं होतं. बाईंचा नवरा दर मंगळवारी तिच्या कणकेची इतकी स्तुती करायचा की एकदा तिने बाटलीत थोडं घालून त्याच्या खिशात सरकवलं. "मुलांना सांगू नका," म्हणाली होती, "नाहीतर सगळं गाव मागेल." त्यातूनच ते विटेसारखे पाव झाले.

बाटलीत तळाशी राखाडी चिखल होता, वर काळपट पाणी. नवरा गेल्यापासून तिला कुणी खाऊ घातलं नव्हतं. झाकणावर त्याच्या पिठाच्या बोटांचे ठसे वाळले होते. ते उघडलं की पुसले जाणार. बाई फ्रिजचं दार उघडं ठेवून किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे, आतून गार हवा येत होती आणि ती त्यांना लागत होती. नको, असं त्यांना वाटलं. कित्येक महिन्यांनंतर काहीतरी इतकं स्पष्ट वाटलं होतं. नको, हे माझं आहे.

मग त्यांनी बाटली पिशवीत ठेवली.

दुकानात दिवे लागले होते आणि गिऱ्हाइकं कापसाच्या कडा निमूट खात होती. बाईंनी बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि कुठून आली ते सांगितलं. धाकट्याने झाकण उघडायला हात घातला, तर त्या म्हणाल्या, "थांब. मी उघडते." उघडली. काळं पाणी त्याने हलकेच ओतून टाकलं, आणि खालचा चिखल वाडग्यात घेतला.

"मेलीय की आहे?" थोरला कुजबुजला.

बाईंनी वाडगा नाकाशी नेला. काहीही नाही. त्यांनी तो अण्णांकडे सरकवला. अण्णांचे दोन्ही हात पट्टीत गुंडाळलेले, म्हणून तो धरावा बाईंनाच लागला.

"मला वास येत नाही अण्णा. तुम्ही बघा."

अण्णांनी वाडग्यात नाक घातलं. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"आंबट," ते म्हणाले. "आंबट आहे. आहे ती."

"म्हणजे समुद्र परत रद्द," सून म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून पिठाचा डबा काढायला गेली.

धाकट्याने पातेल्यात पाणी आणलं. अण्णांनी सवयीने पट्टीतलं बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"बाई, फार गरम नको. तुम्ही बघता का?"

बाईंनी बोट बुडवलं. "जास्त आहे. गार घाल थोडं." धाकट्याने घातलं. त्यांनी पुन्हा बुडवलं. पाण्यात बोटावरचा वाळलेल्या पिठाचा एक पांढरा कण सुटा झाला, झाकणावरच्या ठशांतून लागलेला, आणि पातेल्यात उतरला.

"आता?" अण्णांनी विचारलं.

बाई रडत होत्या, हे त्यांना गालाला हात लावल्यावर कळलं.

"कोमट," त्या म्हणाल्या. "आता घाला."